आधी स्वतःच्या अंगावर

मिस्त्री काय बनवायचे हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्याला पान उलटायचं असेल त्यानं खुशाल उलटावं. मिस्त्री पोलादाची कडी बनवायचे. हे कडं पुरुषाच्या अंडकोशाच्या वरच्या बाजूला, मुळाशी बसतं. त्याच्या वजनानं कातडी खाली ताणली जाते, आणि त्या ताणात काही माणसांना सुख वाटतं. जाणती, आपल्या मर्जीनं हे करणारी मोठी माणसं. त्यात काय सुख आहे ते मला विचारू नका. डोंगर चढण्यात काय सुख आहे तेही मला कधी कळलेलं नाही, पण शिकाऊ असताना चढणाऱ्यांचे मोडके पाय मी निमूटपणे बांधले.

मी बावीस वर्षं मूत्रविकारांच्या वॉर्डात सिस्टर होते. लाज मी पहिल्या वर्षातच कोळून प्यायले. तिथे माणूस कमरेखाली उघडा असतो आणि तरी तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत असतो, त्याची सवय होते. सवय झाली नाही ती माणसांच्या लपवाछपवीची. दुखणं घेऊन पहिल्या दिवशी येणारा बरा होऊन घरी जातो आणि चौथ्या दिवशी येणाऱ्याचं काहीतरी आमच्या बादलीत पडतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की लाजाळू माणूस दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मिस्त्रींची ओळखही अशाच तिडिकीतून झाली. एक शाळामास्तर आमच्याकडे आला होता. त्यानं कुठल्याशा यंत्राचं बेअरिंग स्वतःला चढवलं होतं, आणि ते निघेना म्हणून अठरा तास घरी गादीवर बसून राहिला होता. ते कापायला आग विझवणाऱ्यांना बोलवावं लागलं. ते चार तास कापत होते, मी चार तास त्यावर गार पाणी सोडत होते आणि मास्तर चार तास छताकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला की एका कारखान्याच्या कड्याचं चित्र बघितलं आणि वाटलं, बेअरिंगही तसंच तर दिसतं. मी त्याच्याकडून त्या कारखान्याचा नंबर घेतला आणि दुपारच्या सुट्टीत फोन करून जो उचलेल त्याची खरडपट्टी काढायला बसले.

उचलला मिस्त्रींनी. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, कडं अखंड होतं की दोन भागांचं. मी म्हटलं, अखंड.

"मग ते आमचं नाही," ते म्हणाले. "अखंड कडं मी जन्मात बनवणार नाही. पण सिस्टर, तो माणूस बरा आहे ना?"

मास्तर बरा आहे का, हे त्या दिवसभरात दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. वॉर्डातले हसत होते, आग विझवणारे हसत होते, आणि खरं सांगायचं तर मीही संडासात जाऊन एकदा हसून आले होते. माझा आवाज आपोआप खाली आला. त्यानंतर मिस्त्री अधूनमधून मला फोन करायचे, कधी कातडीबद्दल विचारायला, कधी रक्त किती वेळ अडलं तर चालतं हे विचारायला. मी निवृत्त झाले तेव्हा कारखान्याच्या मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. काम एवढंच, दहा ते पाच फोनपाशी बसायचं. ज्यानं माल घेतलाय आणि ज्याला काही शंका आहे किंवा जो अडकलाय, त्याच्याशी बोलायचं.

कारखाना म्हणजे दोन लांबट खोल्या. बाईंचे वडील तिथे दवाखान्यांसाठी चिमटे आणि सळ्या बनवायचे, ते गेले आणि ती गिऱ्हाइकंही गेली. उरल्या धातू कातायच्या तीन लेथ, पॉलिशचं एक चाक आणि मिस्त्री. बाईंना हा नवा धंदा सुचला तेव्हा वडिलांच्या वेळचे दोन कारागीर नाक मुरडून निघून गेले. मिस्त्रींनी कड्याचं चित्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, सांधा चुकीच्या जागी आहे.

बुटका, रुंद माणूस, जाड चष्मा, दोन्ही कानांत कापूस. सकाळी आले की पहिलं काम चष्मा पुसणे आणि दुसरं काम आदल्या दिवशीच्या मालाला नावं ठेवणे. कामात नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पॉलिश झालेलं कडं उकळत्या पाण्यातून काढून गार करायचे आणि त्याची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूवरून डोळे मिटून फिरवायचे. ओठाला जरा जरी अडलं तरी कडं परत चाकावर. मापं घ्यायची महागडी यंत्रं खणात पडून होती. अंगाला लागणारी वस्तू अंगानंच तपासायची, असं त्यांचं म्हणणं.

आणि ओठ ही फक्त पहिली पायरी होती. कारखान्यात रुजू होऊन महिना झाला असेल, मी बघितलं की मिस्त्री बदकासारखे चालतायत. मी माझ्या धंद्याच्या सवयीनं विचारलं, गळू झालंय का. पलीकडे डबे भरणाऱ्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मिस्त्रींनी लेथ बंद केली आणि मला सरळ सांगितलं की नवीन मापाचं प्रत्येक कडं ते आधी स्वतः घालून बघतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस, मग तास, असं आठवडाभर. त्यांची एक वही होती, तिच्यात लिहायचे. 'वीस मिनिटं, सांध्याशी चिमटा.' मग तो सांधा घासायचा आणि पुन्हा वीस मिनिटं. 'चिमटा गेला.' मग तास.

"जे माझ्या अंगाला चाललं नाही ते दुसऱ्याच्या अंगाला कसं देऊ?" ते म्हणाले. मी आयुष्यभर जी इंजेक्शनं टोचली त्यांतलं एकही कुणी आधी स्वतःला टोचून बघितलं नव्हतं.

त्यांना स्वतःला त्यात सुख होतं का, हे मी विचारलं नाही, ते वहिनींनीच सांगितलं. मिस्त्रींची बायको, उंच, मोठ्या आवाजाची, विणकामाच्या दुकानात कामाला. लग्न दोघांनीही चाळिशी गाठून केलेलं, मूलबाळ नाही. एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि लेथकडे बोट दाखवून मला म्हणाली, ही बघा माझी सवत, दिवसभर हिच्यापाशी आणि संध्याकाळी माझ्याकडे येतात ते हिचीच पोरं घेऊन. डबे भरणाऱ्या दोघी पोट धरून हसल्या. मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. कड्याचे स्क्रू उघडायची किल्ली कायम तिच्याजवळ असायची. घालायची तीच, काढायची तीच, आणि तेवढा वेळ हा माणूस काय मऊ होतो म्हणून सांगू, असं ती मला नंतर बाहेर पायरीवर बसून म्हणाली. तिच्या बोलण्यात इतका मोकळेपणा होता की मला माझ्या स्वतःच्या सत्तावीस वर्षांच्या संसाराचा जरा रागच आला.

प्रत्येक डब्यात एक सूचनापत्र घालायचं ठरलं तेव्हा आमचं तीन आठवडे भांडण झालं. बऱ्याच गोष्टींवर एकमत होतं. कडं नेहमी दोन भागांचं, स्क्रूनं उघडणारं. किल्ली हाताशी, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाच्या हाती. कडं आणि कातडी यांच्यामध्ये करंगळी सहज सरकली पाहिजे. हलक्यापासून सुरुवात, वजन वाढवायचं ते आठवड्यांच्या हिशेबानं. दारू पिऊन घालायचं नाही, घालून झोपायचं नाही. निळं पडलं, गार पडलं, मुंग्या आल्या, दुखलं, की त्या क्षणी काढायचं. निघत नसेल तर सरळ हॉस्पिटल, तिथे कोण हसेल याचा विचार नंतर. भांडण होतं ते वेळेवरून. माझं म्हणणं, मिनिटांचा आकडा छापा आणि त्यापुढे कुणालाही मुभा नको. मिस्त्रींचं म्हणणं, आकड्यावर विश्वास ठेवून माणूस अंगाकडे बघायचं सोडतो. एकाला वीस मिनिटं जास्त होतात, दुसऱ्याला दोन तास कमी.

"घड्याळाला कातडी असते का, सिस्टर? अंगाला विचारा म्हणावं. अंग खोटं बोलत नाही."

बाईंनी त्यांची बाजू घेतली आणि मी हात टेकले. पहिल्या वेळेपुरती वीस मिनिटं छापली गेली, पुढे अंगाला विचारा. सर्वांत खाली माझं एक वाक्य मात्र राहिलं, की साखरेचा आजार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वापरू नये. ते वाक्य मिस्त्रींनीच छापायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, हे बरोबर आहे, हे ठळक करा.

सात वर्षं मी तो फोन घेतला. कुणी ऑफिसच्या संडासातून कुजबुजत असायचा, कुणाची बायको मागून सूचना देत असायची. एकजण रडत होता आणि किल्ली कुठेय विचारलं तर म्हणाला, धुवायच्या पँटमध्ये गेली. मी सगळ्यांना एकाच सुरात झापलं. पाच-सहा जणांना मी गाडीत बसेपर्यंत फोन ठेवू दिला नाही आणि पुढे माझ्या जुन्या वॉर्डात कळवून ठेवलं. सात वर्षांत आमच्या कड्यानं कुणाचं नखाएवढंही गेलं नाही. माझ्या नोकरीच्या बावीस वर्षांबद्दल मी असं म्हणू शकत नाही.

मग मोठं कडं आलं. ते मिस्त्रींनीच काढलं, कुणी मागितलं नव्हतं. आधीच्या सगळ्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट वजनाचं. बाई म्हणाल्या, चालेल, जुनी गिऱ्हाइकं विचारत असतातच. ते बाजारात गेल्यावर महिनाभरात मला पाच फोन आले. पाच वेगवेगळी माणसं, पाचांचंही म्हणणं एकच. उजव्या सांध्याशी चिमटा बसतो, दहा मिनिटांच्या वर अंगावर ठेववत नाही. एकजण तर वैतागून म्हणाला, हे कधी कुणी घालून बघितलंय का. मला तेव्हा गंमत वाटली. घालून बघितल्याशिवाय जिथून कडं बाहेर पडत नाही असा जगातला हा एकच कारखाना असेल.

मी मिस्त्रींकडे गेले आणि पाचही तक्रारी सांगितल्या. त्यांनी लेथवरून मानही वर केली नाही. चिमटा नाही, म्हणाले, मी स्वतः घातलंय, वही बघा. मी खणातून वही काढली. मोठ्या कड्याच्या पानावर लिहिलं होतं, 'एक तास. ठीक.' खाली 'तीन तास. ठीक.' त्याच्या खाली 'आठ तास. ठीक.' आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आठ तास. ठीक.'

मी मागची पानं चाळली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वही कुरकुरींनी भरलेली होती, चिमटा, जळजळ, कड लागते, डावीकडे भार. मग कुरकुरी विरळ झाल्या. गेल्या वर्षभरात सगळ्या पानांवर फक्त ठीक, ठीक, ठीक. एवढं चांगलं काम कुणाचंही नसतं.

माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. उन्हाळा होता म्हणून चप्पल होती. डाव्या अंगठ्याच्या बाजूला लेथवरून उडालेला पोलादाचा कीस रुतला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्याभोवती रक्त वाळून काळं झालं होतं. ते त्या पायावर सगळा भार देऊन उभे होते.

मला एकदम चहा आठवला. सहा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बिनसाखरेचा कोरा चहा पीत होता आणि बावीस वर्षं सिस्टर असलेली मी समजत होते की त्याला तसाच आवडतो. असा स्वतःचा राग मला आयुष्यात आला नाही. मी लेथचं बटण दाबलं, यंत्र थांबलं, आणि मी विचारलं, कधीपासून.

त्यांनी कानातला कापूस काढला, जणू स्वतःचं बोलणं स्वतःला नीट ऐकायचं होतं. साखर निघून सहा वर्षं झाली होती. गोळ्या घेत होते, विसरत होते, पुन्हा घेत होते. सूचनापत्रातलं ते खालचं वाक्य त्यांनी रोज डबे बंद करताना वाचलं होतं. पण ते गिऱ्हाइकांसाठी होतं. ते स्वतः कारागीर होते, त्यांना आपल्या मालाची नस न् नस माहीत होती, त्यांना काय होणार.

"आधी तळवे गेले," ते म्हणाले. "मग पोटऱ्या. मग तिथलंही कमी कमी होत गेलं. हिला कळू दिलं नाही मी. हलकं कडं कळेना म्हणून जड घेतलं, ते चार महिने कळलं, मग तेही कळेना. म्हणून हे केलं, सिस्टर. मला वाटलं, इतकं जड आहे, हे तरी लागेल."

म्हणजे मोठं कडं त्यांनी गिऱ्हाइकांसाठी काढलंच नव्हतं. मी विचारलं, आत्ता अंगावर आहे का. ते खाली बघायला लागले. मी विचारलं, किती वेळ. काल सकाळपासून, म्हणाले. किल्ली त्यांनी वहिनीच्या कपाटातून काढून घेतली होती, कारण वहिनी अर्ध्या तासाच्या वर ठेवू देत नव्हती. अर्ध्या तासात काही होत नव्हतं, म्हणून ते जास्त वेळ देऊन बघत होते.

मी त्यांना तिथेच बाजूच्या खोलीत चला म्हटलं, तर हा वॉर्डातल्या कुठल्याही भिडस्त माणसासारखा अडून बसला. घरी गेल्यावर बघू, काही दुखत नाहीये. माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, दुखत नाहीये म्हणूनच म्हणतेय. शेवटी मी बाईंना गाडी काढायला लावली आणि आम्ही त्यांना घरी घेऊन गेलो, कारण वहिनीशिवाय ते कुणालाही हात लावू देणार नव्हते.

वहिनीची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं दार उघडलं, आम्हा तिघांना एकत्र बघितलं आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, वास येतोय ना? तीन दिवस मी विचारतेय, हे म्हणतात मशीनच्या तेलाचा आहे.

आतल्या खोलीत पलंगावर त्यांना निजवून मी बघितलं. काय बघितलं ते मी सगळं लिहिणार नाही. उजव्या सांध्याखाली, जिथे पाच अनोळखी माणसांना दहा मिनिटांत चिमटा बसला होता, तिथे मिस्त्रींची कातडी काळी पडली होती आणि तो काळेपणा मांडीकडे निघाला होता. तो एका दिवसाचा नव्हता. आधीची जखम होती आणि तिच्यावरच त्यांनी पुन्हा कडं चढवलं होतं. स्क्रू मात्र अर्ध्या मिनिटात निघाले. कडं दोन भाग होऊन माझ्या हातात आलं, जसं त्यांनी हजारोंच्या हातात यावं म्हणून बनवलं होतं. मी त्यांना विचारलं, आता मी दाबतेय ते कळतंय का. ते म्हणाले, तुम्ही दाबताय का?

त्याच संध्याकाळी माझ्या जुन्या वॉर्डात त्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्या आठवड्यात आणखी दोनदा. सडलेलं सगळं कापावं लागतं, आणि किती सडलंय ते कापल्याशिवाय कळत नाही. अंडकोशाची कातडी गेली, उजवा वृषण गेला, मांडीचा एक पट्टा गेला. जीव वाचला, असं सर्जन मला म्हणाले आणि मी मान डोलावली, कारण वॉर्डात आम्ही या शब्दावर मान डोलावतो. दहाव्या दिवशी सर्जननी कापसानं आणि टाचणीनं जागोजाग तपासलं. बेंबीखाली चार बोटांपासून खाली टाचणीचं उत्तर कुठेच आलं नाही. हे परत येईल का, असं मिस्त्रींनी विचारलं. सर्जननी साखर आटोक्यात ठेवा म्हणून सांगितलं. मिस्त्री शहाणे आहेत, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बाईंनी मोठी कडी सगळी परत मागवली. सूचनापत्र नव्यानं छापलं, त्यात आता मिनिटांचे आकडे आहेत, माझ्या मनासारखे, आणि ते हातात घेतलं की मला कसंतरी होतं. तो आकडा मी सात वर्षांपूर्वी अडून बसून छापून घेतला असता तरी मिस्त्रींनी तो पाळला असता असं नाही. पण मी अडून बसले नाही हे खरं आहे. नवीन मापं आता निघत नाहीत. जुन्या मापांवर दुसरा एक कारागीर काम करतो, चांगला आहे, यंत्रानं मोजतो. घालून बघतोस का, असं त्याला कुणी विचारलेलं नाही.

मिस्त्री घरीच असतात. दोन महिन्यांनी एकदा आले होते. लेथपाशी उभे राहिले आणि एक स्क्रू बोटांत धरून फिरवायला लागले, तो दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचलला नाही. बोटांतूनही जायला लागलंय, हे मला दिसलं आणि मला दिसलं हे त्यांना दिसलं. मग ते बाईंच्या खोलीत जाऊन हिशेबाचं काहीतरी बोलून निघून गेले.

जखम भरायला फार दिवस लागतायत. मांडीची कातडी लावली होती ती अर्धी धरली, अर्धी धरली नाही. ड्रेसिंग रोज करावं लागतं. ते मी वहिनीला शिकवलं. पहिले पंधरा दिवस मी स्वतः जात होते, मग तिचा हात बसला. विणकाम करणारा हात आहे, तिच्याइतकं हलकं ड्रेसिंग माझ्या वॉर्डातल्या निम्म्या मुलींना जमलं नसतं. करता करता ती दर थोड्या वेळानं विचारते, दुखतंय का हो? आणि मिस्त्री म्हणतात, हो, थोडं. कधी म्हणतात, हळू.

ते ऐकून मी पहिल्यांदा चपापले. मला टाचणीचं माहीत होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. सर्जन आणि मी, आम्ही दोघांनी ते एकमेकांवर ढकललं होतं. मिस्त्री उताणे पडून छताकडे बघत असतात, पोटामुळे त्यांना खालचं काही दिसत नाही, पण पाण्याच्या आवाजावरून, वहिनीच्या श्वासावरून ते अंदाज बांधतात आणि बरोबर वेळी जरासं अंग आक्रसतात. सवयीचा कारागीर आहे, अंदाज चुकत नाही. हे नाटक ते कुणासाठी करतात ते मला समजलं होतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी ड्रेसिंगचं सामान द्यायला गेले होते. मिस्त्री आत झोपले होते. वहिनीनं दाराशीच मला थांबवलं. तिच्या मोठ्या आवाजाचं काय झालंय कळत नाही, हल्ली कान देऊन ऐकावं लागतं.

"सिस्टर, परवा पट्टी भिजवली आणि माझे हात भरून आले, म्हणून मी नुसती बाजूला बसून राहिले," ती म्हणाली. "हात लावलाच नव्हता. सवयीनं तोंडातून गेलं, दुखतंय का हो. तर म्हणाले, हो, जरा हळू."

मला वाटलं ती रडेल, म्हणून मी तिचा हात धरला. ती रडली नाही. तिनं सामान माझ्याकडून घेतलं, पट्ट्या मोजल्या, कापूस कमी आहे म्हणाली.

मी विचारलं, मग आता काय करणार.

"काय करणार," ती म्हणाली. "रोज विचारते."